पोटावरचे ठिपके

नव्वदच्या दशकात मी लिंबायत या गिरणी कामगारांच्या वस्तीतल्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवत असे. एकदा सातवीतल्या एका मुलीने काचेची बरणी आणून माझ्या टेबलावर ठेवली. आत औषधाच्या पाण्यात बोटभर लांबीचे तीन काळपट मासे होते. डोळे मोठे आणि पोटाखाली पांढुरक्या ठिपक्यांच्या रांगा.

"बाई, हे कंदीलमासे. खोल समुद्रात यांचे ठिपके उजेड देतात. माझा मामा पाहणीच्या जहाजावर स्वयंपाकी आहे, त्याने आणलेत."

मला काही पटेना. "तुझे पप्पा कुठे कामाला आहेत?"

"कापडाच्या प्रिंटिंग मिलमध्ये. रंगखात्यात."

वर्ग हसला. मीही हसले.

मधल्या सुट्टीत बरणी घेऊन सामानाच्या खोलीत गेले आणि दार लावून अंधारात उभी राहिले. काही चमकलं नाही. मग एक मासा बाहेर काढून सुईने ठिपका खरवडला. रंग निघाला नाही. पक्का रंग असेल, असं मनाशी म्हणाले आणि मुलीला मामाला घेऊन यायला सांगितलं.

मामा सुट्टीवर आलेलाच होता. दुसऱ्या दिवशी चपला बाहेर काढून दाराशी उभा राहिला.

"अंधारात काहीच दिसलं नाही," मी म्हणाले.

"मरेल मासा चमकस नही, बाई," तो अहिराणीत शांतपणे म्हणाला.

"आणि हे साहेबांनी दिले, की तुम्ही उचलले?"

मुलीने मान खाली घातली. मामा मात्र चिडला नाही. जाळ्यात जास्तीचे येतात ते टाकूनच देतात, म्हणाला. जहाजावरचे साहेब या माशांची जात ठिपक्यांवरून ओळखतात. एका जातीच्या सगळ्यांचे ठिपके सारखे असतात, मोजून बघा.

तो गेल्यावर भिंग घेऊन बसले. तिन्ही माशांवर ठिपके त्याच जागी, तितकेच. कल्ल्यामागचा एक ठिपका रांग सोडून वर चढलेला, तोही तिघांवर तसाच. अशी नक्कल हाताने कोण करणार?

दुसऱ्या दिवशी वर्गासमोर सांगितलं, की चूक माझी होती, मासे खरे आहेत. बरणी शाळेच्या कपाटात ठेवूया का, असंही विचारलं.

"नको बाई, मामाला परत द्यायचीय," ती म्हणाली आणि बरणी ओढणीत गुंडाळून घेऊन गेली. मामा आदल्याच दिवशी जहाजावर परत गेल्याचं मला नंतर कळलं. मी तिला त्याबद्दल काही विचारलं नाही.