टोपलीतली अकरा अंडी
दोन फेब्रुवारी. खुराडं झाडताना एक गार अंडं हाती लागलं आणि बाबांची सुताची मिल बंद झाली त्या वर्षीचे बाबा आठवले. तीस वर्षं ते कताई खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम, होते. तासातासाला फिरून कुठे धागा तुटलाय ते बघायचं, हेच त्यांच्या हाताला वळण. घरी बसावं लागल्यावर त्यांनी अंगणातली खुडूक कोंबडी भुशाच्या टोपलीत अकरा अंड्यांवर बसवली आणि दर तासाला तिला उचलून अंडी तपासू लागले. आई म्हणायची, "अहो, तिला जरा चैनसे बसू द्या ना!" शेजारचे हिंदीभाषक काका कुंपणावरून हसायचे, "क्या भिया, मुर्गी की भी शिफ्ट लगा दी?" बाबा हसत नसत. "लक्ष नाही ठेवलं तर माल खराब होतो," एवढंच म्हणत. बाराव्या दिवशी कोंबडी टोपलीतून उठली ती परत बसलीच नाही. भुशातली अंडी गार पडली. संध्याकाळी बाबांनी मला विचारलं, "माझं काही चुकलं का गं?" मी सरळ सांगितलं, "हो. तुम्ही तिला बसू दिलं नाही." ते टोपलीपाशीच बसून राहिले, जेवायलाही आले नाहीत. आज वाटतं, हे जरा हळू सांगता आलं असतं. पण खोटं मी बोलले नसतेच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती अंडी पपईच्या बुडाशी पुरली आणि बाबांना वांग्यांच्या वाफ्यात नेऊन पानांमागच्या अळ्या वेचायला लावल्या. तिथे दर तासाला पाहिलं तरी कशाचं काही बिघडत नव्हतं.