शकूआत्याचा नकार

माझ्या शकूआत्यावर अन्याय झाला तो गेल्या दिवाळीनंतरच्या दुसऱ्या बाजाराच्या दिवशी, सकाळी अकराला, आमच्या तालुक्याच्या गावी, गोरेगावात, भर मंडपात. करणारी मीच. हातात माईक, समोर अवयवदानाच्या अर्जांचा गठ्ठा. आत्या वांग्यांची पिशवी घेऊन कौतुकाने माझं भाषण ऐकत उभी होती. पहिला अर्ज भरायला मी तिलाच बोलावलं. "मी नाई भरत वं," ती म्हणाली. लोक हसले. मी चिडून माईकवरच बोलले, "बघा, अंधश्रद्धा आमच्याच घरात!" तिने पिशवी उचलली आणि एसटी गाठली.

महिनाभराने तिच्या घरी गेले, तर "आली का पुढारीण?" म्हणत तिने चहा ठेवला. मी लगेच पत्रकातलं सुरू केलं... एका देहामुळे किती जण जगतात वगैरे. "थे मले समजते. पन काऊन नाई म्हनतो, थे तू इच्यारलंच नाई." खरंच, 'का' हे मी विचारलंच नव्हतं.

गावात कुणी बाई गेली की शेवटची आंघोळ घालायला आत्यालाच बोलावणं यायचं. आपला पितळेचा गुंड भरून कोमट पाणी न्यायची, केससुद्धा विंचरून द्यायची. पण तिची लेक सविता सडक अर्जुनीजवळ ट्रकखाली गेली, तेव्हा शवविच्छेदनानंतर घरी आलं ते शिवलेलं गाठोडं. उघडू नका, असं बजावलेलं. "साऱ्या गावाच्या बायांले न्हाऊ घातलं, अन् माह्या पोरीले वरूनच पानी शिंपडलं... मले टाके नको वं. मले आख्खी धुवा."

दानानंतर देह नीट करून, सन्मानाने परत देतात. हे खरं आहे आणि मला पाठही आहे. त्या दिवशी ते न सांगता मी चहाचे कप विसळले.

गेल्या महिन्यात, भर दुपारी, आत्या घरीच वारली. तिचा मुलगा रमेशदादा मला बाजूला घेऊन म्हणाला, "डोळे तरी देऊ का? तू म्हनशीन तसं." वेळ हातात होता, नेत्रपेढीचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये होता. कुणाला तरी दिसलं असतं. ती बोच अजून आहे. तरी म्हणाले, "नाही दादा. ती नाही म्हणाली होती."

मग मीच गुंड उचलला. शेजारच्या काकीने हात धरला. "पानी आधी आपल्या हातावर पाहा, मंग तिच्यावर टाक. तिनंच शिकवलं आमाले." पाणी खरंच कढत होतं. गार पाण्याचं विसावण घातलं, मग हळूहळू ओतलं... केस विंचरले.

तो गुंड आता माझ्या अंगणात पालथा असतो. मी अजूनही अर्ज वाटते. माझा स्वतःचा कधीच भरलाय. पण तुमच्या घरात कुणी नाही म्हटलं असेल, तर आजच त्याच्याजवळ जाऊन बसा. काऊन, एवढंच विचारा. आणि त्याचं बोलून होईपर्यंत पेन बाहेर काढू नका.