कैरीचा वास

आंबेहळद चिरायला घेतली की आजही माझा हात थबकतो. पस्तीस-छत्तीस साल असेल, नाशिकजवळच्या आमच्या मळ्यात आंब्याखालच्या कोरड्या सावलीत काहीच जगत नव्हतं, म्हणून आईने लावायला दोन कंद निवडले: लोणच्यासाठी कैरीच्या वासाची आंबेहळद आणि गौरीत फुलं विकायला कळलावी, जिचा कंद म्हणजे जहर. मातीने माखलेले दोन्हींचे तुकडे एकाच टोपलीत होते. आई विहिरीवर गेली, मी आळं करत होते, आणि वळून पाहते तर धाकटा भाऊ टोपलीपाशी बसून काहीतरी चघळतोय. मी किंचाळले तशी आई धावत आली. "काय खाल्लंस रे? गिळलंस का?" तो नुसता हसला. डॉक्टर नदीपलीकडे, टांगा कुठून मिळणार? आईने त्याचा जबडा उघडून तोंडात नाक खुपसलं. "कैरीचा वास येतोय गं," म्हणत ती मटकन बसली. भाऊ आता आजोबा झालाय, तरी आंबेहळदीचं लोणचं त्याच्या ताटात वाढण्याआधी मी हुंगून बघते.