दूध डेअरीतला वर्ग

भिंतीवर चित्र दाखवायचं मशीन सुरू झालं, की बाई अधूनमधून उलटा हात त्याच्यावर ठेवून बघायच्या. लेकराच्या अंगात ताप आहे का बघतात, तसा. "मावशी, तापलंय हो. जरा दम खाऊ द्या त्याला." तेवढ्या वेळात त्या स्वतः मात्र दम खायच्या नाहीत. खिडकी लावायच्या, खडू गोळा करायच्या, पोरांची नाकं पुसायच्या. मी शाळेत खिचडी शिजवते. बाईंना स्वस्थ बसलेलं मी कधी पाहिलं असेल, तर ते एसटीत.

बीडला मशीनचं ट्रेनिंग झालं तेव्हा आसपासचे सगळेच मास्तर गेले होते आणि सगळ्या शाळांना मशीन मिळालं. अशा वस्तूचं पुढं काय होतं, तुम्हीही पाहिलं असेल. साहेब येणार असले की कपाटातून निघते, साहेबांची गाडी वळली की परत कपाटात. आमच्या हेडमास्तरांनी खंडेनवमीला मशीनची पूजा केली आणि कुंकवाचं बोट नेमकं भिंगावर टेकवलं. सुट्टीनंतर भिंतीवर पृथ्वी आली, ती लाल टिळा लावून.

"बाई, पृथ्वीचं लगीन झालं का?" एकानं विचारलं. बाई पोट धरून हसल्या.

त्या वर्षी पाऊस नव्हता. त्यात दिवाळीच्या तोंडावर बिल थकलं म्हणून शाळेची वीज तोडली. हेडमास्तर म्हणाले, "आता ठेवा गुंडाळून." बाई मशीन छातीशी धरून थेट दूध सोसायटीच्या डेअरीत गेल्या. तिथं इन्व्हर्टर होता, आणि सकाळ-संध्याकाळ सोडली तर खोली रिकामीच.

चेअरमन म्हणाले, "बाई, हितं दुधाची फॅट काढत्यात, पोरांची न्हाई."

"आमच्या पोरांच्या अंगावर फॅट आहे कुठं, चेअरमन?"

त्यांनी हसत किल्ली दिली.

ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या होत्या. लेकरं म्हाताऱ्यांजवळ ठेवून जा, म्हणून बाई घरोघर सांगत फिरत होत्या. तिसरीतल्या एका पोरीची आई, शेवंता, एका दुपारी डेअरीच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली. अख्खा धडा बघितला. मग म्हणाली, "ह्ये रोज दावणार, का सायब येईल तवाच?"

"रोज."

"इमानानं सांगा, बाई. तिकडं उसाच्या फडात धाकट्याला हीच सांभाळती. तिला ठिवून गेले तर माजे लई हाल हायेत."

"रोज," बाई परत म्हणाल्या. पण आवाज बारीक झाला होता. शेवंता पोरीला म्हाताऱ्यांजवळ ठेवून टोळीबरोबर गेली.

संक्रांतीनंतर दूध आटलं. जनावरं चारा छावणीत गेली आणि डेअरीला कुलूप लागलं. बाई शाळेच्या ओट्यावर नुसत्या येरझाऱ्या घालत होत्या. "मावशी, मी शब्द देऊन बसले हो."

मी कधी कुणाला काही सुचवत नाही. त्या दिवशी तोंडातून निघून गेलं, "छावणीत लाईट हाय. पोरं बी तितंच असत्यात, म्हाताऱ्यांसंगं."

माझं बोलणं पुरं व्हायच्या आत बाई चालायला लागल्या होत्या.

छावणीत दिवसा उजेड फार, म्हणून दिवस मावळला की वर्ग भरायचा. दोन बल्ल्यांना माझ्या सासऱ्यांचं धुतलेलं धोतर बांधलेलं. मागं गुरं रवंथ करायची, पुढं पोरं पाढे म्हणायची. बाईंची शेवटची एसटी निघून जायची. मग त्या माझ्याकडं मुक्कामाला, आणि झोपेतही या कुशीवरून त्या कुशीवर.

टोळी परतली तेव्हा शेवंता डोक्यावरचं बोचकंसुद्धा न उतरवता छावणीत आली. पोरगी धोतरासमोर उभी राहून मोठ्यानं वाचत होती. शेवंता धाकट्याला कडेवर घेऊन धडा संपेपर्यंत तशीच उभी राहिली.

उन्हाळ्यात बाईंची बदली झाली, लांब, दुसऱ्या टोकाच्या तालुक्यात. नवे सर माणूस म्हणून चांगले आहेत. ट्रेनिंग त्यांचंही झालंय. "मशीन आहे की, अगदी सुखरूप आहे," असं म्हणून कपाट दाखवतात. आता परत टोळ्या निघायचे दिवस आले. परवा शेवंता शाळेत आली. कपाटाकडं बघितलं आणि तशीच मागं फिरली. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी टोळीच्या ट्रॅक्टरवर बसली होती, धाकट्याला मांडीवर घेऊन.

मी स्वतःहून कुणाला फोन करत नाही. काल केला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, रडतील. पलीकडून नुसता चपलांचा आवाज येत होता, इकडून तिकडं, तिकडून इकडं. मग म्हणाल्या, "मावशी, टोळी कुठल्या कारखान्यावर गेलीय?"

मला माहीत नव्हतं. टोळी धाडणाऱ्या मुकादमाला ठाऊक असणार, पण त्याच्या दारात मी आजवर कधी उभी राहिलेली नाही. पदर डोक्यावर घेतला आणि निघाले.