निळ्या रंगातला अंगठा

सायकलीवरचा आईचा अंगठा घासून टाकायची परवानगी मीच दिली. फोनवर, तीही ओरडून. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी ज्यांच्या नावानं बोंब मारणार आहे त्यांच्यात मलाही धरा.

सुरुवात केली आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीनं. जेसल पार्कातल्या आमच्या बिल्डिंगखाली त्यानं नोटीस लावली: पार्किंगमधल्या भंगार सायकली आठ दिवसांत हलवा, नाहीतर भंगारवाल्याला देऊन टाकू. सायकली कसल्या, सायकल एकच होती. माझ्या बाबांची. शेजारी एक मोटार वर्षभर चाकं बसून पडलीय, तिच्याखाली मांजरी वितात, ती भंगार नाही. आणि ज्या सायकलीवरून माझ्या बापानं स्टीलच्या कारखान्यात बावीस वर्षं पाळ्या केल्या, ती भंगार! माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

बाबा तेव्हा गावी, कोकणात आत्याकडे गेले होते. म्हटलं, ते यायच्या आत या सायकलीला अशी चकाचक करते की सेक्रेटरीची बोलती बंद झाली पाहिजे.

खरं तर ही सायकल बाहेर रंगवायची पद्धतच नव्हती आमच्यात. दरवर्षी भीमजयंतीच्या आधीच्या रविवारी बाबा ती घरीच रंगवायचे. केबिन रोडवरून निळ्या ऑइल पेंटचा छोटा डबा आणायचे, आधीच्या रंगावर काचपेपर मारायचे आणि वर नवा हात द्यायचे. जुनं खरवडणं वगैरे काही नाही. इतक्या वर्षांचे हात एकावर एक चढून दांडे चांगले जाडजूड झाले होते. रंग देऊन झाला की आई किचनमधून यायची, "वाळला का बघते," म्हणायची आणि सीटखालच्या नळीवर अंगठा टेकवायची. ठसा उमटायचाच. दरवर्षी!

"अगं, तुला कळत कसं नाही? ओला हाय अजून!" बाबा ओरडायचे.

"सीटखाली कोन बघतंय?" आई म्हणायची आणि अंगठा पदराला पुसायची. तिच्या सगळ्या साड्यांच्या पदराला निळे डाग होते.

पुढच्या वर्षीच्या रंगात तो ठसा बुजायचा आणि नवा उमटायचा. आई गेली, त्यानंतर बाबांनी ब्रश हातात घेतला नाही. म्हणून शेवटचा ठसा तसाच राहिला. रोज संध्याकाळी फडकं घेऊन बाबा खाली जायचे. मला वाटायचं, सायकल पुसतायत.

ठसा तिथं आहे, हे मला माहीत होतं हो. पण त्या आठवड्यात डोक्यात फक्त सेक्रेटरी होता.

काशीगावात एका गाळ्यात भट्टीतला रंग देतात असं कळलं. फ्रेमवरचं सगळं उडवून नागडं लोखंड काढतात, मग पावडर मारून भट्टीत भाजतात. सायकल टेम्पोत घालून मी तिथं गेले. गाळेवाला म्हणाला, "मॅडम, काला कर दूँ? आजकल वही चलता है." म्हटलं, निळाच. "और एकदम शोरूम जैसा. पुराना कुछ भी नहीं दिखना चाहिए." केवढ्या रुबाबात सांगितलं मी ते!

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. मी नेमकी गेटवर सेक्रेटरीशी भांडत होते. "मॅडम, सीट के नीचे अंगूठा छपा हुआ है, रखना है क्या?"

"अरे घिसो ना भैया! हर बात के लिए फोन करते हो! सब साफ करो!" मी फोन ठेवला आणि पुन्हा सेक्रेटरीकडे वळले.

सायकल आली. काय चमकत होती! सेक्रेटरी स्वतः खाली येऊन म्हणाला, "वा वा, एकदम नई!" आणि मी मूर्ख, फुगले.

दोन दिवसांनी बाबा आले. सायकल बघून हसले, म्हणाले, "मस्त केलीस बाय." मग नेहमीसारखं फडकं घेऊन उकिडवे बसले आणि हात सीटखाली घातला. हात तिथंच थांबला. मग वर गेला, खाली आला, नळीच्या मागून फिरला. "हितंच होता ना गं," एवढंच म्हणाले. फडक्याची घडी केली आणि जिना चढून वर गेले.

दुसऱ्या दिवशी मी काशीगावात जाऊन त्या गाळेवाल्यावर तोंड सोडलं. गाळ्यातली सगळी माणसं कामं टाकून ऐकत होती. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, मैंने तो फोन किया था." तरी बोलले, पाच मिनिटं बोलले. भंगार म्हणणाऱ्यानं सायकलीला हातसुद्धा लावला नव्हता आणि ज्याला काही घेणंदेणं नव्हतं त्यानं विचारून घेतलं होतं. अक्कल गहाण ठेवली होती ती मी एकटीनं.

जयंतीच्या आधीच्या रविवारी केबिन रोडवरून निळ्या रंगाचा डबा आणि ब्रश आणला. बाबांसमोर ठेवला आणि म्हटलं, "बाबा, सीटखाली एक हात मारा. वाळायच्या आत मी अंगठा टेकवते. माझे हात अगदी आईसारखे आहेत, तुम्हीच म्हणता ना?"

बाबा माझ्यावर जन्मात कधी ओरडले नव्हते. त्या दिवशी ओरडले.

"तुझा कशाला पायजे? तू हायस ना हितं!"