बरकतभाईचा फळा

चिखलीत पाण्याच्या टाकीखाली चौक आहे, तिथं एकदा भल्या सकाळी जाऊन उभं राहावं. चाकणच्या कंपन्यांच्या बसगाड्या तिथूनच माणसं भरतात. पाठीला सॅक, गळ्यात ओळखपत्र आणि डोळ्यांत अर्धी झोप घेतलेली ही माणसं आता माना खाली घालून उभी असतात, आपापल्या हातातल्या उजेडात. पण दोन वर्षांमागं असं नव्हतं. तेव्हा चौकातल्या माना वर असायच्या. टाकीच्या खांबापाशी मित्रमंडळाचा वार्ताफलक होता, सागवानी, काळाकुळकुळीत; आणि त्यावर रोज खडूनं लिहायचा बरकत वायंडिंगवाला.

वायंडिंग म्हणजे काय, तर पाण्याची मोटार जळली की तिच्या पोटातली तार काढून नवी भरायची. हे झालं अलीकडचं. त्याआधी बरकतनं पिंपरीच्या कारखान्यात लेथवर जन्म काढला. तिथं कॉम्प्युटरवर चालणारं पहिलं मशीन खोक्यातून निघालं, तेव्हा सगळं खातं पेढे खात होतं आणि हा पठ्ठ्या रिकाम्या खोक्यात बसून सोबत आलेलं माहितीपुस्तक बघत होता. इंग्रजीच्या नावानं आनंद, पण चित्रं बघत होता. तिथं जो किडा चावला तो चावलाच. पुढं भंगारवाल्यांकडून कॉम्प्युटरचे तुकडे घरी यायला लागले. खातूनबीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, एकदा भाकरीसाठी पिठाचा डबा उघडला तर आत हिरवी पाटी, तिच्यावर नुसती काट्याकुट्यांची नक्षी.

"अजी, पिठात सोंडे होतात ठावं होतं. हे काय झालंय?"

"मदरबोर्ड हाय तो. कोरडी जागा लागती त्याला."

"आन् मला काय लागतं ते कवा इचारलंत?"

मंडळानं त्याला फळा दिला तो अक्षरापायी. गावच्या शाळेत गुरुजींनी छडीखाली घोटून घेतलेलं वळण, मोत्याचे दाणे ओतल्यासारखं. काम काय, तर रोज एक सुविचार लिहायचा. बरकतनं दोन दिवस लिहिले. तिसऱ्या दिवशी फळ्यावर उमटलं: 'फोनमधली जागा संपली म्हणून नवा फोन घेऊ नका. आधी शुभ सकाळ पुसा.' बसची वाट बघणारे फसकन हसले, आणि चारपाच जणांनी तिथंच उभ्या उभ्या पुसलं. झालं. सुविचार गेला तो गेलाच.

मग काय, रोज एक मासला. 'फोनसंगं चार्जर देत न्हाईत म्हणे. उद्या म्हैस विकतील आन् सड वेगळे घ्या म्हणतील.' कुणी घडीचा फोन काढला, त्याच्यावर लिहिलं: 'घडी धोतराला शोभते. धोतराची घडी मोडली तर इस्त्री हाय. याची मोडली तर?' विचारेल त्याचं उत्तर देणारं यंत्र आलं, साऱ्या गावात त्याचा बोलबाला झाला, तेव्हा बरकतनं आठवडाभर ते वापरून बघितलं आणि मग लिहिलं: 'याला सगळं येतं, फक्त मला ठाऊक न्हाई एवढं म्हणता येत न्हाई. असा एक माणूस आपल्या प्रत्येकाच्या भावकीत असतोच.' त्या दिवशी टाकीखाली एक बस रिकामी निघून गेली म्हणतात. खरंखोटं ड्रायव्हरला ठाऊक.

पण एक नेम होता. जी वस्तू स्वतः हाताळली नाही तिच्याबद्दल अक्षर लिहायचं नाही, आणि कुणाचं काही खाऊन लिहायचं नाही. एकदा मोबाइलच्या एका दुकानदारानं कोरा फोन घरी पाठवला. 'चाचा, वापरा, आन् फळ्यावर दोन चांगले शब्द.' बरकतनं तीन दिवस वापरला, पुसूनपासून खोक्यात घालून परत दिला, आणि चौथ्या दिवशी लिहिलं: 'अमुक फोन चांगला तापतो. थंडीत उशाला घ्यावा.' दुकानदार पुढं कैक महिने रस्ता बदलून जायचा. तेव्हापासून चौकात म्हणच पडली, बरकतभाईनं लिहिलंय म्हणजे मग प्रश्नच मिटला. पेन्शन किती, घर केवढं, हे कुणी कधी बघितलं नाही. त्याची इस्टेट ती एवढीच, की त्याचा शब्द विकत मिळत नाही.

ही इस्टेट त्यानं स्वतःच्या हातानं कशी घालवली ते आता ऐका.

मंडळाचा अध्यक्ष दिग्विजय. पोरगा तसा वाईट नव्हे, अडीअडचणीला धावणारा. पण निवडणुकीचं वारं सुटलं आणि त्याच्या नावाआधी फ्लेक्सवर 'भावी' लागलं. एके संध्याकाळी तो बरकतच्या दुकानात येऊन बसला.

"चाचा, फळा लई जुना झाला राव. चौकात मोठी स्क्रीन लावू म्हणतो. कुठली घ्यायची ते तुमीच सांगायचं. ह्यातलं तुमच्याएवढं कळतं कुणाला?"

बरकतला आभाळ ठेंगणं झालं. तो आठ दिवस जेवणाखाण्याचं विसरला. उन्हात अक्षर दिसलं पाहिजे, पावसाचं पाणी आत जाता कामा नये, कुठली टिकेल, कुठली चार महिन्यांत डोळे मिटेल, सगळं शोधून काढलं. मंडळाची पोरं स्वस्तातली आणायला निघाली तर त्यांच्यावर खेकसला, "अरं, दुपारी नुसता आरसा व्हईल तिचा! भांग पाडायला लावायची का चौकात?"

टाकीसमोर सोपानरावाची चहाची टपरी. सोपानराव आणि बरकत एका बाकावर शिकलेले, पहिल्या दिवसापासून फळ्याचा पहिला वाचक सोपानरावच. तो म्हणाला, "बरकत, तू तुझ्या हातानं तुझ्या पायावर धोंडा पाडून घ्यायलास."

"सोपाना, तुला अजून गॅसची शेगडी नीट पेटवता येत न्हाई. तुला काय कळणार?"

"मला यवढंच कळतं, फळा तुझा हाय. स्क्रीन कुणाची?"

बरकत हसला. दिग्विजयनं शब्द दिला होता ना, 'रोज सकाळी पहिलं तुमचंच, चाचा, आन् रंगीत!'

स्क्रीन आली. उंच खांब रोवला, पण टाकीकडचं वारं घुसलं की ती थरथरायची. तोड पुन्हा बरकतनंच काढली. "मागं भक्कम पाट पाहिजे. फळाच लावा की. सागवानी हाय, आन् रिकामाच व्हणार हाय." त्या सकाळी फळ्यावर त्यानं शेवटचं लिहिलं होतं: 'उद्यापासून खडू बंद. वर बघा.' ते पुसायचंही कुणाला सुचलं नाही. फळ्याचं तोंड स्क्रीनच्या पाठीला लावलं आणि बोल्ट आवळले. चोरानं खोलू नयेत म्हणून बोल्टांवर वेल्डिंगचे टिपके मारून घेतले, तेही यानंच, शेजारी उभं राहून. "इथं अजून एक मार. इथं बी."

पहिल्या दिवशी बरकतची ओळ झळकली. हातभर अक्षर! दिग्विजयनं नारळ फोडला, बरकतनं खातूनबीला मुद्दाम चौकात आणून दाखवलं. "वळण तुमचं न्हाई हे," ती म्हणाली. "मशीनचं हाय गं," तो म्हणाला, आणि त्यातही त्याला कौतुकच वाटलं.

दुसऱ्या दिवशी कुणा साहेबांचा वाढदिवस. तिसऱ्या दिवशी साहेबांच्या पुतण्याचा. मग प्लॉटिंग, कोचिंग क्लास, सोन्याची पेढी, मग पुन्हा वाढदिवस. बरकतची ओळ मध्येच यायची, डोळा मारल्यासारखी. 'फोन' हा शब्द वाचून होईस्तोवर वर कुणीतरी पांढऱ्या कपड्यांत हात जोडून उभं. मग तीही यायची थांबली. बरकत विचारायला गेला की दिग्विजय खांद्यावर हात ठेवायचा. "चाचा, इलेक्शन होऊ द्या. मग स्क्रीन तुमचीच." इलेक्शन झालं. दिग्विजय पडला. पण वाढदिवस काही थांबले नाहीत. उलट आता त्यांच्यावरच स्क्रीनचा खर्च निघत होता.

आणि मग लग्नसराईत ती पत्रिका आली.

फोनवर निरोप यायचा, 'आमच्या घरी लग्न आहे, पत्रिका पाठवतोय, अगत्य येणे.' खाली एक फाइल. उघडली की पत्रिका कसली नि काय, फोनच दुसऱ्याच्या ताब्यात. मग तुमच्याच नावानं तीच पत्रिका तुमच्या सगळ्या पाहुण्यांना. वायंडिंगवाल्यांच्या ग्रुपवर ती आली आणि बरकतनं फाइलच्या नावामागची शेपटी बघताच ओळखलं, हे चित्र नव्हे, हे तर चोराचं ॲप. तो तसाच उठून दिग्विजयकडे गेला.

"आजच्या आज चौकात लावायला पायजे. लोकं फसत्यात."

"चाचा, उद्या साहेबांचा वाढदिवस. दोन दिस थांबा की."

"चोर थांबतोय व्हय दोन दिस?"

"बुकिंग हाय हो चाचा. माज्या हातात काय हाय?"

बरकत परत आला. पण देवाघरचा न्याय असा, की दुसऱ्या दिवशी स्क्रीनच अडकली. साहेब हात जोडून उभे आणि बरोबर कपाळावर, गंधाच्या जागी, एक चौकोन: 'अपडेट करायचे का?' खाली दोन पर्याय, 'आता' आणि 'नंतर'. अख्खा चौक पोट धरून हसत होता. "साहेबांना आता अपडेट न्हाई व्हणार," एक जण म्हणाला, "मॉडेल जुनं हाय." लोक फोटो काढून इकडंतिकडं पाठवायला लागले आणि दिग्विजय धापा टाकत वायंडिंगच्या दुकानात.

"चाचा, चला! इज्जत चालली!"

"येतो. पर माज्या चार ओळी आधी लागणार."

"काय बी लावा, पर कपाळावरचं तेवढं काढा!"

बरकतनं काढलं. आणि स्वतःच्या हातानं लिहिलं: 'लग्नाची पत्रिका म्हणून फाइल आली तर उघडू नका. ती पत्रिका नव्हे, चोर आहे. आधी फोन करून विचारा. — बरकत.' ओळी स्क्रीनवर आल्या. पण तिथं साधं लिहायची सोयच नव्हती. भोवती आपोआप सोनेरी चौकट आली, कोपऱ्यांतून चांदण्या उडायला लागल्या, आणि खालून सोन्याच्या पेढीची पट्टी सरकत गेली, 'सौजन्य' म्हणत. बरकत खाली माणसांत जाऊन उभा राहिला, पूर्वी फळ्यापाशी उभा राहायचा तसा.

"कशाची ॲड हाय रं ही?"

"अँटी-व्हायरसची असंल. आधी भ्या दाखवायचं, मग इकायचं."

"बरकतचाचा का? मंग चाचांचा बी भाव फुटला म्हनायचा!"

ओळखीचा एक जण वळून बघून डोळे मिचकावत म्हणाला, "किती घेतले चाचा? चहा तरी पाजा."

बरकतनं मान वर केली. तोवर वर साहेब पुन्हा हात जोडून उभे राहिले होते, कपाळ स्वच्छ.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन वाजला. निरोप होता. 'आमच्या घरी लग्न आहे, अगत्य येणे.' पाठवणाऱ्याचं नाव, सोपानराव.

बरकत टपरीवर गेला तेव्हा शेगडी बंद होती. सोपानराव बाकावर बसलेला, फोन समोर पालथा, आणि त्याच्यावर चहाचा ग्लास उपडा घातलेला, जणू आतून काही बाहेर येईल.

"उघडलीस?"

"मेव्हण्याच्या नावानं आली. त्याच्या पोराचं ठरलंयच की. म्हटलं, छापली असंल." सोपानरावानं मान वर केली नाही. "माझ्याकडनं व्याह्याला गेली. त्यानं बी उघडली, माझं नाव बघून. त्याच्या कंपनीतल्या साहेबापातुर गेलीया. मघाधरनं मला आईबहिणीवरनं बोलतोय. पोरीला म्हणला, तुझ्या बापाला आता दारात उभा करणार न्हाई."

"अरं पर मी लिवलं हुतं की! तुझ्या डोक्यावर हुतं!"

"बघितलं."

"वाचलं न्हाईस?"

"वाचलं बी."

"मग?"

सोपानरावानं ग्लास उचलून बाजूला ठेवला, पुन्हा होता तिथं ठेवला. "मला वाटलं, तुला पैसं मिळालं असतील."

बरकत उभा होता तो बाकावर बसला.

"वाईट न्हाई वाटलं हां मला," सोपानराव म्हणाला. "म्हटलं बरं झालं, घेऊ दे त्यानं बी. फळ्यावर असतं तर मी मेव्हण्याला फोन केला असता बरकत. आईच्यान. पर तिथं वर सगळं इकायलाच असतं की रं."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमाराला बरकत शिडी घेऊन चौकात आला. फळा काढायचा तर आधी स्क्रीन उतरवायला हवी, आणि टिपके मारलेल्या बोल्टांना हात लावण्यात अर्थ नव्हता. ते किती भक्कम आहेत हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? तो खांबाच्या मागच्या बाजूला गेला. तिथं टाकीची भिंत, कचरा, आणि साऱ्या शिफ्टची मुतायची जागा. वर फळ्याची पाठ होती, काळा रंग न लागलेली, कोरी.

त्यानं शिडी लावली तेव्हा सोपानराव टपरीतून आला. एका हातानं शिडी धरली, दुसऱ्यानं नाकाला उपरणं.

"तुझं वाचायला आता हितं मुतायला यायचं व्हय लोकांनी?"

"यिऊ देत. हितं उभ्या माणसाच्या हातात फोन नसतो."

सोपानराव हसला नाही. बरकतही नाही.

कोऱ्या लाकडावर खडू धरत नव्हता. एकेक अक्षर दोनदा, तीनदा गिरवावं लागत होतं. मोत्याच्या दाण्यांची पार भरड झाली. स्क्रीनवर वाढदिवसाचा रंग पालटला की कडांनी उजेड बाहेर सांडायचा, निळा, मग केशरी, आणि मध्ये, जिथं तो लिहीत होता, तिथं अंधारच. अंदाजानंच लिहिलं. खाली नाव घातलं नाही.

बसची वाट बघणाऱ्यांपैकी एक जण घाईघाईनं मागं आला. वर खरखर ऐकून त्यानं मान वर केली. ओठ हलवत वाचायला लागला, "लग्नाची पत्रिका म्हणून..."

तेवढ्यात चौकात हॉर्न वाजला, आणि तो चेन ओढत पळाला.