मेलेल्या वस्तादाची कुस्ती

गोष्ट संपली की थांबावं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आमच्या नगरच्या एका वर्तमानपत्राच्या मालकाला ते कळत नव्हतं, आणि त्याची किंमत माझ्या मेलेल्या बापाला मोजावी लागली.

नव्वदच्या दशकात मी नगरला पेंटरकी करायचो. दुकानांच्या पाट्या, टेम्पोंच्या मागची फुलं, निवडणुकीत भिंती. त्या वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत शेवटच्या पानावर मी एक चित्रकथा काढायचो. गोष्ट माझी, चित्रंही माझीच. एक गरीब घरचा पैलवान, त्याला घडवणारा त्याचा वस्ताद, आणि शहरातल्या मोठ्या तालमीचा एक मस्तवाल प्रतिस्पर्धी, एवढीच माणसं. दर रविवारी एक डाव दाखवायचा आणि ऐन पकडीत थांबायचं. मग आठवडाभर लोक एकमेकांना विचारायचे, आता हा सुटतो कसा.

त्यातला वस्ताद म्हणजे माझे वडील. मी ते लपवलं नाही. कुस्तीत चेचलेले कान, तिरका बांधलेला फेटा, कुस्ती सुरू होण्याआधी पायाच्या अंगठ्यानं माती उकरायची सवय, सगळं जसंच्या तसं काढलं होतं. आमचं गाव कर्जत तालुक्यात. तिथं तालमीत त्यांनी निम्म्या गावाला कुस्ती शिकवली होती. ते गेल्यावर वर्षभरानं मी ही कथा सुरू केली. रविवारी दुपारी एसटीनं पेपर गावात पोचला की तालमीत कोणीतरी तो मोठ्यानं वाचायचं. पहिल्याच पानाला ओरडा झाला, "आरं, आपलं वस्ताद छापून आल्यात!" मीही छाती फुगवून सांगायचो, होय, आमचे वडील.

आमच्या गावच्या यात्रेत एक रीत होती. मैदानातली पहिली कुस्ती लहान पोरांची, नारळावरची, आणि तो नारळ आमच्या घरचा. हलगीवाले वाजत-गाजत आमच्या दारात थांबायचे, वडील नारळ द्यायचे, मग सगळे मैदानाकडे निघायचे. वडील गेल्यावर लोक म्हणाले, नारळ वस्तादांच्याच घरचा पाहिजे. तेव्हापासून आई द्यायला लागली. विधवा बाईला गावानं दारात येऊन असा मान द्यावा, ही आमच्याकडं लहान गोष्ट नव्हती. आई त्या एका दिवसावर वर्ष काढायची.

कथा दीडेक वर्ष चालली आणि मग तिचा शेवट आला. मी ओढूनताणून आणला नाही, तो आपसूक आला. पैलवान प्रतिस्पर्ध्याला चितपट करतो. मैदानाच्या कडेला बाजेवर आजारी वस्ताद पडलेला असतो. हलगी थांबते, लोकांची आरोळी उठते, ती ऐकून तो डोळे मिटतो. पैलवान लंगोट खुंटीला टांगतो आणि वस्तादाच्या तालमीतल्या पोरांना शिकवायला लागतो. आईला वाचता येत नव्हतं. मी कच्ची चित्रं घेऊन गावी गेलो आणि तिला वाचून दाखवली. वडील गेले तेव्हा ती रडली नव्हती, पाहुण्यांचं जेवणखाण बघत बसली होती. त्या दिवशी पोटभर रडली. डोळे पुसून म्हणाली, "आसंच जायाला पायजे हुतं त्यास्नी. लई चांगलं केलंस."

पानाच्या शेवटी मी 'समाप्त' लिहिलं होतं. मालकानं ते पांढऱ्या रंगानं पुसायला लावलं.

"पेपर याच्यावर खपतोय आणि तुम्ही दुकान बंद करता?" तो म्हणाला. "पुढच्या रविवारी नवा पैलवान आणा."

"आता कुणाशी लढणार तो? सगळ्यांना पाडलंय."

"पंजाबचा आणा. पंजाबचा पडला की इराणचा आणा. जग काय लहान आहे का?"

पोटाची खळगी कुणाला चुकली आहे? मी आणला पंजाबचा. खुंटीवरचा लंगोट पुन्हा कमरेला आला. पंजाबच्यापेक्षा इराणचा मोठा काढावा लागला, त्याच्यापेक्षा पुढचा मोठा. शेवटी शेवटी पैलवान चौकटीत मावेनात, तेव्हा मी त्यांची डोकी कापायला लागलो. डाव तेच, घाम तोच. आधी धोबीपछाड बसली की लोक आठवडाभर बोलायचे, आता दर रविवारी धोबीपछाड बसू लागली आणि कुणाला तिचं काही वाटेना. मला तर माझ्याच हाताचा वीट आला.

खप उतरला तसा मालकानं मला बोलावलं. "वस्तादाला परत आणा. लोकांना तो आवडायचा."

"तो मेलाय."

"कुठं मेलाय? डोळे मिटलेले दाखवलेत. तिरडी कुठं दाखवलीय?"

त्यानं पुढचं सगळं ठरवून ठेवलं होतं. वस्ताद जिवंत परत येणार, पण शत्रूच्या बाजूनं. आणि मग कळणार की तो जन्मभर पैसे घेऊन नुरा कुस्त्या खेळला, म्हणजे आधीच ठरवून हरला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पैलवानाला तुम्ही हरला म्हणा, पळाला म्हणा, पण नुरा खेळला म्हणू नका. तो शिक्का बसला की माणूस तालमीच्या उंबऱ्याबाहेर गेला.

"ते माझे वडील आहेत," मी म्हणालो.

"घरी असतील. कागदावर ते माझे आहेत." मग जरा नरमून म्हणाला, "अहो, शेवटी निर्दोषच दाखवायचंय त्याला. कुणीतरी कट केला होता, असं काहीतरी. तोवर वाचक धरून ठेवायचा, बस."

मी नाही म्हणून उठलो. त्याचं काही अडलं नाही. दुसऱ्या एका पेंटरनं माझी जुनी चित्रं खिडकीच्या काचेला लावून वडिलांचा चेहरा गिरवला. कान तेच, फेटा तोच. रविवारी माझा बाप पानावर उभा राहिला, शत्रूच्या खांद्यावर हात टाकून. दोन-तीन आठवड्यांत तो पैसेही घ्यायला लागला.

गावी तालमीत तेही मोठ्यानं वाचलं गेलं. मी धावत गेलो. वडिलांच्या हाताखाली वाढलेली माणसं तिथं बसली होती. मी म्हणालो, अहो, ही गोष्ट आहे, आणि आता ती मी लिहीतही नाही.

त्यातला एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "आदीचं समदं खरं हुतं ना? तुमीच सांगायचा, ह्ये आमचे वडील. मंग आताचंच खोटं कसं?"

"छापून आलंय म्हंजी कायतरी आसंलच की," दुसरा म्हणाला. "आग असल्याबिगर धूर निघत न्हाई."

तिसऱ्याला वडिलांची कधीकाळी बरोबरीत सुटलेली एक कुस्ती आठवली. त्याला म्हणे तवाच वाटलं हुतं. हीच माणसं वडिलांच्या अंत्ययात्रेत हुंदके देऊन रडली होती. मला त्यांच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. पण आईला त्याच गावात राहायचं होतं, म्हणून मी चपला घालून बाहेर पडलो.

चैत्रात यात्रा आली. आईनं सकाळीच नारळ धुऊन, शेंडी नीट करून ठेवला. नवं लुगडं नेसली आणि दारात उभी राहिली. हलगी लांबून जवळ येत गेली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली आणि खालच्या आळीला वळली. आई नारळ धरून तशीच उभी. आवाज मैदानातून यायला लागला, पोरांच्या कुस्तीची आरोळी उठली, तेव्हा ती आत आली. नारळ तिनं देवापुढं ठेवला.

मी शिव्या द्यायला लागलो, गावाला, मालकाला, सगळ्यांनाच. तिनं मला थांबवलं. "तूच सांगितलं ना, शेवटाला त्ये निर्दोष निघत्यात म्हनून? मंग गोष्ट सपू दे. गावाला कळंल."

तेव्हापासून माझ्या आईनं त्या चित्रकथेचा शेवट व्हायची वाट पाहिली. दर रविवारी शेजारच्या पोरीकडून पान वाचून घ्यायची आणि विचारायची, "आज निघालं का खरं?" कथा तशी पुढं ओढायला नकार दिला म्हणून माझं ते काम गेलं, आणि घरात माझीच आई ती लवकर पुढं सरकावी म्हणून देवापुढं हात जोडत होती.

मग पुरवणीच बंद झाली. शेवटच्या पानावर माझे वडील हात पुढं करून उभे होते, समोरचा नोटा देत होता, आणि खाली लिहिलं होतं, क्रमशः.

मी मालकाकडं गेलो. म्हणालो, शेवट तरी छापा, मी फुकट काढून देतो. तो म्हणाला, "कागद महाग झालाय हो. आणि जाऊ द्या, कुणाच्या लक्षात राहतंय?"

गावाच्या चांगलं लक्षात राहिलं.

शेवटी मीच तो शेवट काढला. मोठ्या कागदावर, रंगीत, असं चित्र मी जन्मात काढलं नव्हतं. कट उघडा पडतो, पैलवान सगळ्या मैदानासमोर वस्तादाच्या पायावर डोकं ठेवतो, लोक फेटे उडवतात. तो कागद नेऊन मी तालमीच्या भिंतीला लावला. आता तालीम सांभाळणारा माणूस वडिलांचाच चेला. तो चित्राजवळ आला. चेचलेल्या कानावरून त्यानं हळूच बोट फिरवलं.

"हुबेहूब काढलंय," तो म्हणाला. "पर ह्ये छापलेलं कुठंय? ह्ये तर तुमी हातानं काढलंय."

घरी आई वाटच बघत होती. "काय म्हंले?"

"हुबेहूब काढलंय म्हणाले."

तिचा चेहरा उजळला. देवापुढचा नारळ तिनं कानाशी धरून हलवला. आत पाणी राहिलं नव्हतं.

"ह्यो सुकला," ती म्हणाली. "यात्रा जवळ आली, नवा घिऊन ये."

मी बाजारात जाऊन नारळ आणून दिला.